कंपन्यांच्या देणग्यांचा धोका १९५७ मध्येच सांगणारे न्यायमूर्ती छागला कोण होते?

निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने घटनाबाह्य ठरवली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या निकालपत्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालाची दखल घेतली. तो निकाल होता १९५७ चा आणि लिहिणारे होते तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला. कंपन्यांनी राजकीय पक्षांना पैसे देणे लोकशाहीला घातक ठरू शकते, हे देशाची दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली त्याच वर्षी त्यांनी लिहून ठेवले होते. हे छागला कोण होते, त्यांनी इशारा का दिला आणि त्यानंतर सत्तेत आलेल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी त्याचे काय केले, याचा हा आढावा.

छागलांचा मराठवाड्याशी संबंध काय?

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून बाहेर पडून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या दिवशी मुंबई राज्याचे हंगामी राज्यपाल होते छागला. ऑक्टोबर ते डिसेंबर १९५६ या काळात त्यांच्याकडे ही जबाबदारी होती. त्याच दिवसापासून मराठवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातही आला. मराठवाड्यातील पक्षकारांना मुंबई गाठावी लागू नये म्हणून औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला छागलांचे निधन झाले होते.

‘मर्चंट’चे छागला कसे झाले?

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत, सुखवस्तू इस्माइली खोजा कुटुंबात झाला. ते पाच वर्षांचे असताना आई गेली. बालपण एकाकी गेले. घराण्याचे आडनाव मर्चंट, म्हणजे व्यापारी. पैशाशी नाते सांगणारे हे नाव त्यांना लहानपणापासून आवडत नसे. मग आपले नाव काय असावे, असे त्यांनी आजोबांना विचारले. घरात वडिलांना लाडाने छागला म्हणत. कच्छी भाषेत त्याचा अर्थ लाडका. आजोबांनी तेच नाव सुचवले आणि ते कायमचे चिकटले.

मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकून ते १९१९ मध्ये ऑक्सफर्डला गेले. तेथे लिंकन कॉलेजात इतिहासाचे शिक्षण घेतले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबईत परतून उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. पुढे ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात घटनात्मक कायदा शिकवू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे त्यांचे सहकारी होते.

जीनांची साथ त्यांनी का सोडली?

वकिलीच्या सुरुवातीची काही वर्षे छागला बॅरिस्टर महंमद अली जीना यांच्या चेंबरमध्ये होते. त्या वेळचे जीना हिंदू-मुस्लीम ऐक्याचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. त्यांच्या प्रभावामुळे छागला मुस्लीम लीगमध्ये गेले आणि लीगचे चिटणीसही झाले. १९२८ मध्ये नेहरू अहवाल आला. मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, संयुक्त मतदारसंघ असावेत, अशी त्याची भूमिका होती. छागलांनी लीगच्या वतीने अहवालाचे स्वागत केले. जीना तेव्हा परदेशात होते. परतल्यावर त्यांनी अहवाल फेटाळला. ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली त्या ज्येष्ठाशी आणि त्यांच्या पक्षाशी छागलांनी तेथेच संबंध तोडले. फाळणीला त्यांचा अखेरपर्यंत विरोध राहिला.

१९४१ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९४७ मध्ये मुख्य न्यायमूर्तिपद त्यांच्याकडे आले आणि १९५८ पर्यंत ते त्या पदावर होते. या न्यायालयाचे ते पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य न्यायमूर्ती. महाराष्ट्रात त्यांची एक आठवण आवर्जून सांगितली जाते. ज्या दालनात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेथे १९५६ मध्ये टिळकांच्या उद्गारांची शिला बसवण्यात आली. तिचे अनावरण छागलांनी केले. याच न्यायालयाने टिळकांवर अन्याय केला, हे त्यांनी मुख्य न्यायमूर्ती या नात्याने जाहीरपणे मान्य केले.

टाटा स्टीलचा खटला काय होता?

प्रत्येक कंपनीची एक उद्देशपत्रिका असते. कंपनी कोणते व्यवहार करू शकते, हे तीत लिहिलेले असते. त्याबाहेर पैसा खर्च करायचा तर उद्देशपत्रिका बदलावी लागते. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार तेव्हा अशा बदलाला न्यायालयाची मंजुरी आवश्यक होती. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून असा बदल केला आणि मंजुरी मागितली.

कंपनीचे म्हणणे सरळ होते. पोलाद उद्योगाचे भवितव्य सरकारच्या औद्योगिक धोरणावर अवलंबून आहे. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने पोलादाचे नवे कारखाने सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवले होते. ज्या पक्षाच्या धोरणाखाली कंपनी टिकेल आणि वाढेल, तो पक्ष सत्तेत राहणे कंपनीच्या हिताचे आहे. म्हणून त्याला मदत करणे हा कंपनीच्या व्यवसायाचाच भाग ठरतो. एकल न्यायमूर्तींनी मंजुरी दिली. एक भागधारक त्याविरुद्ध अपिलात गेला. ते अपील छागला आणि न्या. एस. टी. देसाई यांच्या खंडपीठापुढे आले.

छागलांनी काय निकाल दिला?

अपील फेटाळले गेले. कंपनी जिंकली. कंपन्यांना देणगी देण्यास मनाई करणारा कायदाच देशात नव्हता. प्रामाणिक व्यावसायिक हितासाठी भागधारकांच्या बहुमताने ठराव केला असेल, तर त्याला आडकाठी करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा त्याचा कायदेशीर आधार होता.

छागला मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा : लोकशाही उभी आहे ती प्रत्येक माणसाच्या एका मतावर. कारखान्याचा मालक असो की मजूर, मतपेटीपुढे दोघांचे वजन सारखे. कंपनीला मत नाही. पण तिच्याकडे असलेला पैसा लाखो मतांवर प्रभाव टाकू शकतो. सरकारचे धोरण आपल्याला अनुकूल व्हावे म्हणून कंपनी पैसे देणार असेल, तर तो पैसा मतदाराचा कौल आणि सरकारचा निर्णय दोन्ही वाकवू शकतो. हा धोका झपाट्याने वाढेल आणि एक दिवस लोकशाहीच गुदमरेल, अशी भीती त्यांनी निकालात नोंदवली. कंपन्यांनी कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या मर्यादेत देणग्या द्याव्यात, याचा विचार संसदेने करावा, असेही त्यांनी सुचवले.

निकालाचे महत्त्व या दुहेरीपणात आहे. कायदा कंपनीच्या बाजूने आहे म्हणून निकाल कंपनीच्या बाजूने. पण कायदा अपुरा आहे, हे सांगण्याची जबाबदारीही न्यायालयाने टाळली नाही.

मुंदडा प्रकरणात काय झाले?

इशाऱ्यानंतर काही महिन्यांतच उद्योग आणि सत्ता यांच्या संबंधांचे एक प्रकरण चौकशीसाठी छागलांकडेच आले. विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण करून सप्टेंबर १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या कोलकात्याच्या उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. कंपन्या अडचणीत होत्या आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेही गेले नव्हते. पॉलिसीधारकांचा पैसा एका सटोडियाला वाचवण्यासाठी का वापरला, हा प्रश्न लोकसभेत काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई फिरोज गांधी यांनी विचारला.

जानेवारी १९५८ मध्ये सरकारने छागलांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी सुनावणी मुंबईत आणि खुली घेतली. गर्दी इतकी झाली की बाहेर थांबलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. चौकशी २४ दिवसांत संपली. अर्थ सचिव एच. एम. पटेल यांच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना टाळता येणार नाही, असा निष्कर्ष आला. फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी नंतर नेमलेल्या न्या. व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाने मुंदडांनी काँग्रेसला दिलेल्या देणग्यांकडेही बोट दाखवले. नेहरूंनी त्यावर बोस यांच्याबद्दल कडक शब्द वापरले. पुढे त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

अमेरिकेत तेव्हा काय स्थिती होती?

१९५८ मध्ये छागला भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि १९६१ पर्यंत तेथे होते. केनेडी आणि निक्सन यांच्यातील १९६० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांच्या कार्यकाळात झाली. अमेरिकेने १९०७ मध्येच टिलमन कायदा करून कंपन्यांना राष्ट्रीय पातळीवरील उमेदवारांना थेट देणग्या देण्यास मनाई केली होती. कंपन्यांच्या पैशाबाबत अमेरिकेचा कायदा तेव्हाच्या भारतीय कायद्यापेक्षा कडक होता.

पुढे तेथे चित्र पालटले. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. उमेदवाराला थेट पैसे देण्यावरची बंदी राहिली, पण कंपन्यांना स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करण्याची मुभा मिळाली. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांच्या मागे ‘सुपर पॅक’ नावाच्या निधीसंस्था उभ्या राहिल्या. कोणालाही मत द्या, धोरण धनदांडग्यांचेच, हा तेथील मतदारांचा वैताग आज दोन्ही पक्षांना ऐकावा लागतो.

छागलांवर टीका का झाली?

न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, अशी शिफारस पहिल्या विधी आयोगाने १९५८ मध्ये केली. या आयोगाचे अध्यक्ष एम. सी. सेटलवाड होते आणि सदस्यांमध्ये स्वतः छागला होते. त्याच वर्षी छागलांनी राजदूतपद स्वीकारले. सेटलवाड यांनी आपल्या आत्मचरित्रात त्याबद्दल नाराजी नोंदवली आहे. ज्याने सत्तेवर पडणाऱ्या प्रभावाबद्दल देशाला सावध केले, त्यानेच सरकारची नेमणूक घ्यावी का, हा आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही.

त्यानंतर ते ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, १९६३ पासून केंद्रीय शिक्षणमंत्री आणि नोव्हेंबर १९६६ पासून परराष्ट्रमंत्री होते. शिक्षण क्षेत्रात आजही ज्याचे दाखले दिले जातात तो कोठारी आयोग त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९६४ मध्ये नेमला गेला. त्याच वर्षी भ्रष्टाचार प्रतिबंधासाठीच्या संथानम समितीने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदीची शिफारस केली होती. छागला मंत्रिमंडळात असेपर्यंत ती अमलात आली नाही. उच्च शिक्षणातील भाषाधोरणावर सरकारशी मतभेद झाल्याने सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते पुन्हा वकिलीकडे वळले.

आणीबाणीत त्यांची भूमिका काय होती?

ज्या पक्षाच्या सरकारांत मंत्री म्हणून काम केले, त्याच्याविरुद्ध छागला वयाच्या पंचाहत्तरीत उभे राहिले. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत त्यांनी आणीबाणीवर उघड टीका केली. त्या भाषणाचा वृत्तांत छापल्याबद्दल ‘भूमिपुत्र’ या गुजराती नियतकालिकावर कारवाई झाली आणि प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले.

आणीबाणी उठली, जनता पक्षाचे सरकार आले आणि पडलेही. १९८० च्या डिसेंबरात मुंबईत नव्याने स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाचे पहिले अधिवेशन भरले. छागला तेथे पाहुणे म्हणून गेले. काँग्रेसला पर्याय उभा राहू शकतो, अशी आशा त्यांनी व्यक्त केली आणि अटलबिहारी वाजपेयींमध्ये भावी पंतप्रधान पाहिला. दीड महिन्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले. त्यांचे आत्मचरित्र ‘रोझेस इन डिसेंबर’ १९७३ मध्ये प्रकाशित झाले होते.

दोन्ही मोठ्या पक्षांनी इशाऱ्याचे काय केले?

पहिले पाऊल १९६० मध्ये पडले. कंपनीने वर्षाला २५ हजार रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढीच देणगी द्यावी आणि पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात जाहीर करावे, अशी तरतूद झाली. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना पत्राने कळवले, की आपला समूह काँग्रेसबरोबरच विरोधातील स्वतंत्र पक्षालाही मदत करणार आहे. उद्योगांचा पैसा विरोधी पक्षांकडेही वाहू लागला.

१९६९ मध्ये इंदिरा गांधी सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. पण निवडणुकीच्या खर्चाची दुसरी कोणतीही सोय केली नाही. त्यामुळे चेकने येणारा पैसा रोखीने येऊ लागला आणि लायसन्स-परमिटच्या काळात तो कोणासाठी येतो, हे कळण्याची वाटही बंद झाली. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितले. सरकारने लगेच कायदा बदलून तो खर्च वगळला. आज महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

१९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने बंदी उठवून नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगीला परवानगी दिली. २००३ मध्ये वाजपेयी सरकारने अशा देणग्यांवर कंपन्यांना पूर्ण करसवलत दिली. २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारने मर्यादा साडेसात टक्क्यांवर नेली. २०१७ मध्ये नरेंद्र मोदी सरकारने मर्यादाच काढून टाकली. कोणत्या पक्षाला पैसे दिले, हे सांगण्याचे बंधनही गेले आणि निवडणूक रोखे आले.

दोन्ही पक्षांचे हितसंबंध कोठे जुळतात, याचे आणखी एक उदाहरण आहे. वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनीही परकीय देणग्यांचा कायदा मोडला, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून कायद्यातील परकीय स्रोताची व्याख्याच मागील तारखेपासून, थेट १९७६ पर्यंत मागे जाऊन बदलण्यात आली. २०१८ चे विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले.

निवडणूक रोख्यांनी काय साधले?

एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे स्टेट बँकेत मिळत. ते पक्षाला द्यायचे आणि पक्षाने १५ दिवसांत वटवायचे. देणारा कोण, हे मतदाराला कळत नसे. २०१८ पासून योजना रद्द होईपर्यंत सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. त्यातला जवळपास निम्मा वाटा सत्ताधारी भाजपला मिळाला. तृणमूल काँग्रेस, काँग्रेस आणि भारत राष्ट्र समिती यांनाही मोठ्या रकमा मिळाल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२४ मध्ये यादी जाहीर झाली, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही पैसे दिल्याचे दिसले.

आपण कोणाला पैसे मिळतात हे न कळता मत देतो, तेव्हा तो मतदानाचा अपुरा अधिकार ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. नफ्याची मर्यादा काढून टाकणारी दुरुस्तीही रद्द केली. ६७ वर्षांपूर्वी छागलांनी मांडलेला मतदार आणि कंपनी यांच्यातील असमानतेचा मुद्दा येथे पुन्हा आला. या वेळी न्यायालयाने केवळ इशारा दिला नाही, तर कायदाच रद्द केला.

आता मतदाराला काय पाहता येते?

कंपन्या आजही देणग्या देऊ शकतात, थेट किंवा निवडणूक विश्वस्त संस्थांमार्फत. २० हजार रुपयांपेक्षा मोठ्या देणग्यांची यादी पक्षांना निवडणूक आयोगाला द्यावी लागते आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यापेक्षा लहान देणगी देणाऱ्याचे नाव सांगावे लागत नाही. ही यादी वर्षाच्या हिशेबाबरोबर येते, त्यामुळे मतदान करताना ताजी माहिती हाताशी नसते.

देणग्यांच्या अटी आणि मर्यादा संसदेने ठरवाव्यात, असे छागलांनी सुचवले होते. संसदेने त्या अनेकदा ठरवल्या आणि अनेकदा बदलल्या. प्रत्येक वेळी ठरवणारे पक्ष तेच होते, ज्यांच्या तिजोरीत हा पैसा येतो. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणारा आणि मतदानापूर्वी देणगीदार जाहीर करणारा कायदा काँग्रेसनेही केला नाही आणि भाजपनेही नाही.